टोपणभर

आष्टी, ६ जानेवारी २०२५

चि. शिवशंकर,

वडील म्हणून आशीर्वाद लिहिण्याचा माझा अधिकार अजून शाबूत आहे, असे गृहीत धरून हे पत्र सुरू करतो. फोन करत नाही, कारण मागे जेव्हा जेव्हा केला तेव्हा तुझ्याकडची रेंज नेमकी त्याच क्षणी गेली. कागदाला रेंज लागत नाही. पत्र साखर कारखान्याच्या गट ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो आहे. मुकादमांचे टपाल तिथून वाटले जाते, असे कळले.

तुझ्या-माझ्यात जे आहे त्याविषयी या पत्रात एक अक्षरही असणार नाही. तू वकिलीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून ऊसतोडीची टोळी उभी केलीस, तेव्हा मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. आजचा विषय वेगळा आहे.

विषय संस्कृतीचा आहे. तुझ्या टोळीतल्या आसाराम-सुनिताची ही मुलगी, आपल्या मागच्या बोळातल्या दगडाबाईंची नात. आईबाप तोडीला गेले की ती आजीपाशी राहून शाळा करते आणि वक्तृत्वाच्या सरावासाठी माझ्याकडे येते. सातवीतली मुलगी, पण समोरच्याचा मुद्दा पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय उत्तर देत नाही. असा गुण मी बार रूममध्येही फारसा पाहिला नाही. यंदा सुनिताच्या कडेवर म्हाळू होता, सात महिन्यांचा. त्याला सांभाळायला म्हणून दिवाळीनंतर संस्कृतीलाही शाळेतून काढून फडावर नेले. डिसेंबर संपता संपता ती एका मालट्रकमधून एकटीच परत आली. म्हाळू गेला, थंडी बाधली, एवढाच निरोप दगडाबाईंना मिळाला.

थंडी हे कारण असू शकते. मी ते आज नाकारत नाही. मी फक्त जे पाहिले ते लिहितो.

परवा दुपारी जेवणानंतर खुर्चीत माझा डोळा लागला. नाकाशी काहीतरी लागले म्हणून जाग आली. संस्कृतीची दोन बोटे माझ्या नाकपुड्यांखाली धरलेली होती. मी डोळे उघडताच ती मागे सरकली आणि म्हणाली, "काई न्हाई. चालू हाय."

माझा श्वास चालू आहे, असे तिला म्हणायचे होते.

दगडाबाई सांगतात की ती हे सगळ्यांनाच करते. "झोपलेल्या करडाला बी सोडत न्हाई, वकीलसाहेब. ते बिचारं शिंकत उठतंय." हे सांगताना त्या हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसरी गोष्ट. ती सारखी जांभया देते, नाक गळते, पाय दुखतात म्हणते, आणि झोप मात्र येत नाही. हे सर्दीचे लक्षण नव्हे. मी तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरबाई वयाने लहान आहेत, पण त्यांनी पहिले योग्य काम केले ते म्हणजे मला बाहेर काढले. नंतर मुलीला विचारून, तिच्यासमोरच मला सांगितले की ती रोज खोकल्याचे औषध पीत होती आणि आता ते एकदम बंद झाल्याने शरीर तक्रार करते आहे. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे सुटतं. पोराला लपवावं लागलं नाही तर लवकर सुटतं."

माझा प्रश्न एकच आहे. खोकला नसलेल्या मुलीला फडावर खोकल्याचे औषध रोज कोठून मिळत होते?

उत्तराची वाट पाहतो.

सुंदरराव

•

आष्टी, २१ जानेवारी २०२५

चि. शिवशंकर,

उत्तर आले नाही. त्यामुळे ते मला इतरत्र शोधावे लागले. तू मौन पाळून माझे काम वाढवलेस, थांबवले मात्र नाहीस.

संस्कृतीने जे सांगितले ते तुला माहीत असलेलेच आहे. तरी लिहितो, कारण माहीत असणे आणि समोर लिहिलेले वाचणे यांत फरक असतो.

पाचटाने शाकारलेल्या कोप्यांसमोर ट्रॉलीच्या सावलीत लेकरे ओळीने निजवलेली असतात. आया फडात निघण्याआधी प्रत्येकाच्या तोंडात औषध जाते, आणि उन्हे वर आली की त्यांना राखणाऱ्या थोरल्या बहिणी पुन्हा एकदा पाजतात. बाटलीबरोबरचे माप पहिल्याच आठवड्यात हरवले, म्हणून पाण्याच्या बाटलीचे टोपण हे माप ठरले. टोपणभर. कुणी विचारले तर सर्दीसाठी. प्रत्यक्षात लेकरू निजावे, बाईला मोळी टाकून मधेच परत यावे लागू नये, नवरा-बायकोच्या जोडीचा ऊस मागे पडू नये, यासाठी. मी विचारले, मग तिथे आवाज कसला असायचा? ती म्हणाली, "कसलाच न्हाई. समदी लेकरं गप. चिमण्या तेवढ्या वरडायच्या."

शिवशंकर, मी हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या ओसरीसमोरच्या चिमण्यांकडे पाहू शकत नाही. हे युक्तिवादाबाहेरचे आहे. तू ते विचारात घेतले नाहीस तरी चालेल.

त्या ओळीशेजारी दिवसभर बसून मुलीला कंटाळा येई, भूक लागे, आईची आठवण येई. औषध गोड होते. ट्रॅक्टरवरची पोरे तेच औषध थंड पेयात घालून पितात आणि हसतात, हे तिने पाहिले होते. म्हणून तीही एक टोपण घेऊ लागली. यात तिचा दुष्टपणा कोठे आहे, तो मला दाखव.

आता मुख्य मुद्दा. आधीचे औषध पिवळे होते. म्हाळू गेला त्या आठवड्यात तू आणलेल्या बाटल्यांतले औषध लाल होते. माप तेच राहिले. त्या लाल औषधाची एक रिकामी बाटली तिच्या दप्तरातून इथवर आली आणि ती आता माझ्या कपाटात आहे. तिच्यावरचा मजकूर इंग्रजीत आणि बारीक आहे. मी भिंगाने वाचला. हे मोठ्या माणसांचे औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असे, आणि लहान मुलांना ते देऊ नये असे त्यावर स्पष्ट छापले आहे. डॉक्टरबाईंना दाखवले. त्यांनी सांगितले की इतक्या लहान बाळाचा श्वास अशा औषधाने झोपेतच मंद होत जातो, आणि बाळ रडत नाही, तडफडत नाही, त्यामुळे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

शेजारी ती बसली होती.

मी तिला हे सारे क्रमाने विचारले: बाटली कुणी दिली, रंग कोणता, किती टोपणे, किती वेळा. तिने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले, न अडखळता. मी समाधानाने चष्मा पुसत होतो, तेवढ्यात ती उठून उभी राहिली, हात मागे बांधले, आणि म्हणाली, "वकीलबाबा, झालं का समदं? आता मला शिक्षा सांगा."

मी साक्ष घेत होतो. ती कबुलीजबाब देत होती.

तुझा दोष नाही, असे मी तिला सांगितले. दगडाबाईंनीही सांगितले. तिने ते ऐकून घेतले, जसे प्रतिपक्षाच्या वकिलाचे ऐकून घेतात. तिच्या मते प्रश्न सुटलेला आहे: रंग वेगळा असला तरी औषध नेहमीचेच, माप नेहमीचे, लेकरू मेले, अर्थात तिच्या हातून जास्त पडले. हे अनुमान चुकीचे आहे, कारण त्याचे पहिलेच विधान खोटे आहे. पण ते खोटे आहे, हे प्रत्यक्ष ठाऊक असणारा माणूस एकच. सुनिता तिकडून फोन करते तेव्हा दगडाबाईंशी बोलते आणि ठेवून देते. मुलीला मागत नाही.

तू ये आणि तिच्या आईसमोर सांग की औषध बदलले होते. एवढेच.

सुंदरराव

•

आष्टी, ४ फेब्रुवारी २०२५

चि. शिवशंकर,

तू मोबाईलवर पाठवलेला आवाज ऐकला. तीन वेळा ऐकला. पैकी दोन वेळा त्यातल्या मजकुरासाठी.

तू म्हणतोस: "दादा, पत्रं बंद करा. इथं लोक म्हणतेत मुकादमाला समन्स आलाय. औषध तेच व्हतं, पोरीच्या हातनं जास्त गेलं आसंल. झालं त्ये झालं, लेकरू मातीत गेलं, आता कशाला उकरता?"

क्रमाने घेतो.

लोक थट्टा करतात. करू देत. सामान्यतः समन्स हसण्यावारी नेणारा माणूसच तो आधी उघडून वाचतो.

औषध तेच होते. मग माझ्या कपाटातली बाटली कोठून आली? सातवीतल्या मुलीने एखाद्या दुकानात जाऊन, चिठ्ठी नसताना, मोठ्यांचे औषध खोक्यांनी विकत घेतले, असे तुझे म्हणणे असेल तर तसे लिहून दे.

पोरीच्या हातून जास्त गेले. हे वाक्य तू माझ्याशी बोललास, म्हणून मी ते पचवले. तेच वाक्य तू सुनिताशी बोलला आहेस, असा मला संशय होता. आसारामला फोन करून खात्री केली. बोलला आहेस. म्हणजे त्या मुलीच्या मनातली समजूत तिची एकटीची राहिली नाही. तिच्या आईच्या मनात ती तू पेरलीस. आई फोनवर तिला का मागत नाही, हे मला आता समजले.

मी पोलिसांत का जात नाही, असा प्रश्न तुला पडला असेल. तुझ्यावरच्या मायेमुळे, असा अर्थ कृपया काढू नकोस. मी गेलो तर पहिला जबाब कुणाचा घेतला जाईल, याचा विचार कर. बाटली जिच्या दप्तरात सापडली, औषध जिने पाजले, तिचा. वर्दीतला कोणीतरी तिला पुन्हा तेच प्रश्न विचारील, आणि ती पुन्हा उभी राहून हात मागे बांधील. ते मी होऊ देणार नाही. पहिला जबाब तुझा असला पाहिजे.

वकील म्हणून मी तुला गप्प राहण्याचा सल्ला देईन. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा तुझ्यावर लागू शकतो, दुकानदारही अडकेल, आणि पुराव्याअभावी तू सुटण्याची शक्यता मोठी आहे. हा सल्ला योग्य आहे आणि कोणताही शहाणा वकील तो देईल.

मी तुझा वकील नाही.

सुंदरराव

•

आष्टी, १७ फेब्रुवारी २०२५

चि. शिवशंकर,

आज शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता. वक्तृत्वाचा परीक्षक म्हणून मला बोलावले होते. पाहुण्यांनी सांगितले की नशा करणारा मुलगा हा घराचा कलंक आणि समाजाचा शत्रू असतो, अशा मुलाशी मैत्री तोडा. टाळ्या झाल्या. नंतर सर्व मुलांना उजवा हात पुढे करून शपथ घ्यायला सांगितले: मी कधीही नशा केली नाही, करणार नाही, आणि कुणाला करू देणार नाही.

सगळे हात पुढे झाले. संस्कृतीचा झाला नाही.

बाईंनी तिला दोनदा खुणावले, मग नाव घेऊन ओरडल्या. मागची मुले खिदळली. ती जागेवर खाली मान घालून उभी राहिली. मैदानावरून परत येताना मी विचारले, हात पुढे केला असतास तर काय बिघडले असते? ती म्हणाली, "खोटं कसं म्हणू? मी पिलंय बी, आन् पाजलंय बी."

त्या मैदानावर खरे बोलणारी एकच व्यक्ती होती आणि रागे भरले ते तिलाच. कुणी तिला असे विचारले नाही की बाळ, तुला मदत हवी आहे का? मी मुख्याध्यापकांना म्हटले, ज्या मुलाने आधीच काही घेतले आहे त्याला तुम्ही आज फक्त एक गोष्ट शिकवलीत: गप्प राहायचे. ते म्हणाले, साहेब, परिपत्रकात शपथच आहे.

त्यांची तक्रार मी तुझ्याकडे करण्याचे कारण एवढेच की तू त्यांच्यापेक्षा वेगळे काय करतो आहेस, ते मला अजून सापडलेले नाही.

ती उद्यापासून शाळेत जाणार नाही म्हणते. दगडाबाईंनी जेवणाचे ताट पुढे ठेवले तर म्हणाली, मला झोपेचे तेवढे आणून दे. मग स्वतःच घाबरली आणि माझ्याकडे पळत आली. मी तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी पुन्हा शांतपणे ऐकले, आणि रोज पाच मिनिटे येऊन बसत जा म्हणाल्या. ती सावरू पाहते आहे. पण ज्या गोष्टीमुळे तिला झोप नको आणि जागेपणही नको झाले आहे, ती गोष्ट डॉक्टरांच्या हातची नाही. माझ्याही नाही.

त्या ट्रॉलीच्या सावलीत आजही लेकरे निजली असतील. आजही कुणाची तरी थोरली बहीण टोपण धरून बसली असेल. तू इंग्रजी वाचू शकतोस, शिवशंकर. त्या टोळीत एकटा तूच वाचू शकतोस.

सुंदरराव

•

आष्टी, २० मार्च २०२५

चि. शिवशंकर,

हे पत्र कारागृहाच्या पत्त्यावर लिहितो आहे. तुझ्या हाती पडण्याआधी ते तिथले अधिकारी वाचतील, त्यांना नमस्कार.

तू रविवारी आसाराम आणि सुनिताला जीपमध्ये घेऊन दगडाबाईंच्या दारात उभा राहिलास आणि तिथूनच परस्पर पोलीस ठाण्याला गेलास. नंतर त्या घरात काय झाले ते तुला ठाऊक नाही. ते कळवण्यासाठी हे पत्र.

पण आधी तू जे बोललास ते मी जसेच्या तसे इथे लिहून ठेवतो, कारण उद्या तुझा वकील ते मऊ करायला सांगेल. तू म्हणालास: "संस्कृती, औषध मी बदललं. पिवळं संपलं व्हतं, दुकानदारानं मोठ्या माणसाचं दिलं. बाटलीवर लेकरांना देऊ नये आसं लिव्हलेलं व्हतं. ते मी वाचलं व्हतं. मी म्हणलं, टोपणभरच तर हाय. तू जास्त पाजलं न्हाईस. तुझ्या आईला मी खोटं सांगितलं."

दगडाबाईंनी मला आधीच बजावले होते, "वकीलसाहेब, आज तुमी काई इचारायचं न्हाई." म्हणून मी त्यांच्या घरात कोपऱ्यात बसून होतो. तुला वाटले असेल की मी नेहमीप्रमाणे तपासतो आहे. तसे नव्हते. मी फक्त ऐकत होतो.

 तू गेल्यावर आसाराम उंबऱ्यात बसून तंबाखू मळत राहिला आणि तोंडात न टाकता तशीच फेकली. मग त्याने फडावरचे सांगितले: तू निघण्याआधी सगळ्या बाटल्या बायकांच्या देखत रिकाम्या करून गेलास, आता रोज एक बाई कोपीवर मागे राहते, लेकरे बघते, आणि तिच्या वाटणीचा ऊस बाकीचे तोडतात. कुरकुर आहे. "टन कमी पडतेत. लेकरं बी लई रडतेत, मालक, डोकं उठतंय," असे तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा चेहरा मी पाहू शकलो नाही. ट्रॅक्टरवरच्या दोन पोरांना तिकडच्या दवाखान्यात नेले आहे. बाकीची अजून हसण्यावारी नेतात. तू जिथे आहेस तिथून त्यांना निरोप देता आला तर दे. माझ्यापेक्षा तुझे ऐकतील.

सुनिता भिंतीला टेकून बसली होती.  मग तिने हात पुढे करून संस्कृतीला जवळ ओढले, पाठमोरी बसवले, आणि तिच्या वेण्या सोडायला लागली. दगडाबाईंनी फणी आणून दिली. केसांत गुंता फार होता. गुंता ओढला की मुलगी मान मागे टाकायची, आणि आई म्हणायची, "हल्लीस तर बघ." असा बराच वेळ गेला. शेवटी सुनिता, फणी न थांबवता, म्हणाली, "टोपण तुझ्या हातात मीच दिलं व्हतं गं."

 संस्कृतीने दोघींकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"वकीलबाबा," ती म्हणाली, "औषध बदललं व्हतं, हे कळलं. माज्याकडनं जास्त न्हाई पडलं, हे बी कळलं. पण त्याला शेवटचं पाजलं मीच ना?"

दगडाबाई घाईने म्हणाल्या, "न्हाई गं बाई, न्हाई." सुनिताचा हात थांबला. आसाराम वळून पाहू लागला. सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्यापाशी उत्तर तयार होते आणि ते बिनचूक होते: कृती आणि कारण यांतला भेद, ज्ञान आणि अज्ञान, हेतूचा अभाव. आयुष्यभर मी हेच मांडत आलो. मी तोंड उघडले, आणि तिच्या डोळ्यांत पाहून मला कळले की ती युक्तिवाद ऐकायला बसलेली नाही.

मी म्हणालो, "हो."

 मग तिने मान हलवली. "मंग ठीक हाय," ती म्हणाली. "समदे न्हाईच म्हणत व्हते."

त्यानंतर ती रडली. आल्यापासून पहिल्यांदा. सुनिताने तिला तशीच, अर्धे केस मोकळे असताना, मांडीवर घेतले, एवढी मोठी मुलगी. मी उठून बाहेर आलो.

तुला हे इतक्या तपशिलाने कळवण्याला कारण आहे. तू जबाब दिलास, ते योग्य केलेस. आता तुझे वकील, नातेवाईक, भेटायला येणारे टोळीवाले, सगळे तुला सांगतील की तुझी चूक नव्हती, दुकानदाराने फसवले, सगळेच मुकादम असे करतात. तेही पूर्ण खोटे नसेल. पण एखाद्या दिवशी तुलाही तो प्रश्न कुणाला तरी विचारावा लागेल, आणि तेव्हा 'नाही' म्हणणाऱ्यांचा काही उपयोग होणार नाही.

भेटीचा दिवस शनिवार आहे, असे समजले. मी येतो.

दादा